दुकानातला पंपकिन स्पाइस ब्रेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत ऑगस्ट संपत आला की किराणा दुकानांच्या दाराशी नारिंगी खोकी रचली जातात आणि माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. पहिल्या सेमिस्टरला आलेली मुलं विचारतात, नवा संसार मांडलेली जोडपी विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ते मुलांकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलेले आईवडील. न्यू जर्सीत राहून मी दर वर्षी हा ब्रेड आणते, खाते, पाहुण्यांना खाऊ घालते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली आहेत.

१. याला ब्रेड का म्हणतात? दिसतो तर केकसारखा.

आपल्या हिशेबाने तो केकच आहे. अमेरिकेत ‘क्विक ब्रेड’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात यीस्ट नसतं, पीठ फुगायला तासन्‌तास ठेवावं लागत नाही. खायचा सोडा किंवा बेकिंग पावडर घालायची, कालवायचं आणि लांबट साच्यात ओतून भाजायचं. बनाना ब्रेड, झुकिनी ब्रेड हे त्याचेच भाऊबंद. त्यामुळे या ब्रेडला बटाट्याची भाजी लावून सँडविच होत नाही. हा चहाबरोबर खायचा गोड पदार्थ आहे.

२. यात खरंच भोपळा असतो, की नुसता वास?

दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून नाव नीट वाचावं. ‘पंपकिन ब्रेड’ असं लिहिलं असेल तर बहुधा भोपळ्याचा गर असतो. ‘पंपकिन स्पाइस’ हे मुळात मसाल्याचं नाव आहे, त्यामुळे तेवढंच लिहिलं असेल तर भोपळा असेलच असं नाही. स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीने २००३ साली ‘पंपकिन स्पाइस लाटे’ ही दुधाची कॉफी आणली तेव्हा तिच्यात भोपळा नव्हता. गर घालायला सुरुवात झाली ती २०१५ साली.

याच नावाचा तिसराही एक प्रकार असतो: यीस्टचा, सँडविच ब्रेडसारखा कापलेला, आत दालचिनी-साखरेची गुंडाळी असलेला. तो टोस्टरमध्ये भाजायचा ब्रेड आहे. ऊन-ऊन, लोणी लावलेला चांगला लागतो, पण या पानावर मी बोलते आहे ते पहिल्या प्रश्नातल्या, लांबट साच्यात भाजलेल्या ‘लोफ’बद्दल.

खात्री करायची तर पाकिटाच्या मागची घटकांची यादी बघा. जे वजनाने सगळ्यात जास्त ते पहिलं, अशा उतरत्या क्रमाने ती लिहिणं अमेरिकेत बंधनकारक आहे. ‘पंपकिन’ हा शब्द पहिल्या तीन-चारांत असेल तर लोफ घ्यायच्या लायकीचा. मिठाच्याही खाली असेल तर तो भोपळा नावापुरता.

३. ‘पंपकिन स्पाइस’मध्ये कोणते मसाले असतात?

दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि बहुतेकदा ऑलस्पाइस. पहिले चार आपल्या डब्यात असतातच. ऑलस्पाइसला मात्र पुष्कळजण मिश्रण समजतात, तसं ते नाही. कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत वाढणाऱ्या एका झाडाची ती सुकवलेली फळं आहेत. मिऱ्यापेक्षा थोडी मोठी, आणि वास लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र कुटल्यासारखा. जमैकाचं ऑलस्पाइस प्रसिद्ध आहे.

भोपळा आणि या मसाल्यांची जोडी लाटेच्या फार आधीची आहे. १७९६ साली हार्टफर्डला छापलेल्या एका अमेरिकन पाकपुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ आणि आलं आहे, दुसरीत ऑलस्पाइस आणि आलं. मॅकॉर्मिक कंपनीने हे मसाले एकत्र दळून ‘पंपकिन पाय स्पाइस’ म्हणून विकायला काढले ते १९३४ साली. गृहिणीला पाच डब्या उघडायला लागू नयेत हा त्यातला सरळ हिशेब. आपण गोडा मसाला एकदाच करून ठेवतो, तसंच.

४. त्यांचा पंपकिन आणि आपला लाल भोपळा एकच का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण याचं उत्तर ऐकून लोकांचा चेहरा बदलतो.

हॅलोविनला दारात ठेवतात तो गोल, गडद नारिंगी भोपळा वेगळ्या जातीचा, ‘कुकुर्बिटा पेपो’. डब्यातला गर सहसा त्याचा नसतो. इलिनॉय राज्यात मॉर्टन नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं. तिथे लिबीज या कंपनीचा कारखाना आहे आणि आसपासच्या शेतांत त्यासाठी ‘डिकिन्सन’ नावाचा भोपळा पिकवतात. हा लांबट, फिकट बदामी सालीचा, आत घट्ट आणि गोड. त्याची जात ‘कुकुर्बिटा मॉस्काटा’. आणि आपल्या बाजारात फोड करून मिळणारा तांबडा भोपळा, ज्याला कुणी डांगर म्हणतं, कुणी काशीफळ, तोही बहुतांशी याच मॉस्काटा जातीचा.

म्हणजे दाराशी ठेवलेल्या नारिंगी भोपळ्यापेक्षा मंडईतली फोड या ब्रेडमधल्या भोपळ्याच्या जास्त जवळची आहे. शिवाय भोपळ्याच्या या जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. मिरची, बटाटा, टोमॅटो आले तसा लाल भोपळाही समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि घारग्यांत जाऊन बसला. तेव्हा हा ब्रेड हातात घेताना परक्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटून घेऊ नका.

५. पहिल्याच घासाला मसालेभाताचा वास आला. ब्रेड खराब होता का?

नाही, ब्रेड चांगला होता. गोड म्हटलं की आपल्या जिभेला वेलची आणि जायफळ हवं असतं: श्रीखंड, पुरण, बासुंदी, सगळीकडे तेच. दालचिनी आणि लवंग आपल्याला भेटतात त्या मसालेभातात, आमटीत, मटणाच्या वाटणात. इथे वेलची नाही, आणि दालचिनी सगळ्यांत पुढे. त्यामुळे नाकाला वाटतं तिखट आहे, जिभेला कळतं गोड आहे, आणि दोघांचं जमायला दोन-तीन घास जातात.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला फ्रिजमधून काढलेला थंडगार काप दिला होता. तिने कोपरा मोडला, बोटांनी चुरून बघितला, तोंडात टाकला आणि विचारलं, “घारग्यात दालचिनी कुणी घातली?” दुसऱ्या दिवशी मी तोच लोफ तव्यावर तुपाचं बोट फिरवून गरम केला. कडा खरपूस झाल्या, आत ओलसर राहिला, आणि लवंगेचा उग्रपणा तुपाने मागे सारला. आईने दोन काप खाल्ले. पुढे दर रविवारी दुकानात गेलो की ती स्वतःच त्या खोक्यांकडे वळायची.

भोपळ्याची चव मात्र जोरात लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. घारग्यात जसा गुळाच्या मागून भोपळा जाणवतो, तेवढाही इथे जाणवत नाही. भोपळ्याचं काम इथे ओलावा आणि रंग देण्याचं. बोलतात ते मसाले.

६. हा वर्षभर का मिळत नाही?

भोपळ्याचं पीक शरदात निघतं आणि सणही त्याच सुमाराला येतात: ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. मात्र गर डबाबंद मिळत असल्यामुळे खरं तर बारा महिने करता येईल. दुकानं मुद्दाम तो ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरपुरता ठेवतात. थँक्सगिव्हिंग झालं की त्याच फळीवर पेपरमिंट आणि जिंजरब्रेड येतं. आवडला असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जास्तीचा घेऊन ठेवा. कसा ठेवायचा ते प्रश्न १२ मध्ये.

७. आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. चालेल का?

तयार लोफमध्ये जवळजवळ नेहमी अंडं असतं. अमेरिकेत आपल्यासारखा हिरवा ठिपका नाही, त्यामुळे वाचण्याला पर्याय नाही. यादीच्या खाली ठळक अक्षरांत ‘कंटेन्स’ अशी ओळ असेल तर ती आधी बघा. गहू, दूध, अंडं, सोया, शेंगदाणा, झाडावरचे सुके मेवे, मासे, कवचवाले जलचर आणि २०२३ पासून तीळ, या नऊ गोष्टी असतील तर पाकिटावर त्यांची नावं स्पष्ट लिहावीच लागतात. ती वेगळ्या ओळीत नसली तर घटकांच्या यादीत असतात, म्हणून दोन्ही वाचा.

एक चूक मी अनेकांकडून ऐकली आहे. काही पाकिटांवर ज्यू लोकांच्या कोशर आहारनियमांचं चिन्ह असतं, उदाहरणार्थ वर्तुळातलं ‘यू’ अक्षर. सोबत ‘पार्व’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मांस नाही आणि दूध नाही. पण अंडं पार्वमध्ये चालतं. ‘पार्व’ वाचून अंडं नाही असं समजू नका. ‘व्हीगन’ लिहिलेलं असेल तर अंडंही नाही, दूधही नाही. असे लोफ काही दुकानांत फ्रोझन विभागात मिळतात.

८. अंडं नाही, पण यादीत ‘मोनो अँड डायग्लिसराइड्स’ आहे. ते कशाचं?

तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून घातलेला हा स्निग्ध पदार्थ. तो वनस्पती तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, आणि कुठला ते लिहिण्याची सक्ती नाही. तुम्ही इतकं काटेकोर पाळत असाल तर ‘व्हीगन’ शब्द शोधा किंवा कंपनीला इमेल करून विचारा. मी दोनदा विचारलं आहे, दोन्ही वेळा आठवड्याभरात सरळ उत्तर आलं. घरी करणं हा सगळ्यात निर्धास्त मार्ग, प्रश्न १३ आणि १५ बघा.

९. लाल भोपळा उपवासाला चालतो. मग नवरात्रात हा ब्रेड चालेल का? आणि गणपतीपुढे ठेवता येईल का?

उपवासाला नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत भोपळ्याचं भरीत उपवासाला चालतं हे खरं, पण इथे मैदा आहे, सोडा आहे, बहुधा अंडं आहे.

नैवेद्याचा प्रश्न दर वर्षी येतो, कारण हा ब्रेड दुकानात येतो तो नेमका गणपतीच्या सुमारास आणि नोकरी सांभाळून एकवीस मोदक वळायला सगळ्यांना जमत नाही. दुकानातला अंड्याचा लोफ नैवेद्याला ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरी बिनअंड्याचा, गूळ घालून केलेला असेल तर माझ्या घरी तो ठेवतो. तुमच्या घरची रीत तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

१०. बाबांना मधुमेह आहे. भोपळ्याचा आहे म्हणजे पौष्टिकच ना?

भोपळा पौष्टिक, ब्रेड नव्हे. यादीत मैद्याच्या शेजारीच साखर सापडेल. पाकिटावर ‘ॲडेड शुगर्स’ ही ओळ बघा. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा साखर. चोवीस ग्रॅम लिहिलं असेल तर एका वाढणीत सहा चमचे. त्यातही एक वाढणी म्हणजे किती हे कंपनी पाकिटावर वर लिहिते, आणि ती बहुतेक वेळा आपण कापतो त्या कापापेक्षा पातळ असते. वरून क्रीम चीजचं आयसिंग असलेला लोफ असेल तर साखर आणखी वाढते.

बाबांना अजिबात देऊ नका असं मी म्हणणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण देणार असाल तर बोटभर जाडीचा काप, जेवणानंतर लगेच नाही, आणि त्या वेळचा चहा बिनसाखरेचा. परदेशात मुलांकडे आलेल्या माणसाला घरात एकट्याला बाजूला काढलं की ते फार लागतं. म्हणून लहान काप सगळ्यांनीच घ्यावा.

११. चहात बुडवून खाल्ला तर तुटून पडतो. काय चुकतं?

काही चुकत नाही, हा बुडवायचा पदार्थच नाही. खारी, बटर, टोस्ट हे कोरडे असतात आणि त्यांच्या पिठाला मळून ताण आलेला असतो, म्हणून ते चहा पिऊनही क्षणभर उभे राहतात. क्विक ब्रेडचं पीठ मुद्दाम कमी कालवतात, म्हणजे तो मऊ होतो, आणि तेल व भोपळ्याने तो आधीच ओला असतो. चहात गेला की गाळच. बुडवायचाच असेल तर प्रश्न १६ मधली युक्ती करा.

सोबत चहा कोणता? मसाल्याचा चहा मला जमत नाही, दोन्हीकडून सुंठ आणि लवंग येते. साधा, कमी साखरेचा, गवती चहाची पात टाकलेला चहा उत्तम. कोरी कॉफीही छान.

गरम करायचा तर मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद पुरे, त्याहून जास्त ठेवलात तर रबरासारखा होतो. तव्यावर मंद आच, तुपाचा हात, दोन्ही बाजूंनी मिनिटभर. साखरेमुळे चटकन करपतो, तेव्हा तव्यापासून हलू नका.

१२. किती दिवस टिकतो? फ्रिजमध्ये ठेवायचा ना?

उघडल्यावर हवाबंद डब्यात बाहेर दोन-तीन दिवस. फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते, पण ब्रेड लवकर शिळा आणि भुसभुशीत लागतो, कारण थंडीत पिठातला स्टार्च पुन्हा कडक होतो. थोडा गरम केला की बराच सुधारतो. आयसिंगवाला मात्र फ्रिजमध्येच ठेवायचा. आणि पंपकिन पाय ही वेगळी गोष्ट: तिच्यात अंडी-दुधाचं ओलं सारण असतं, ती दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये.

जास्त दिवस ठेवायचा तर कापून, प्रत्येक काप प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सगळे एका पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. दोन-तीन महिने चव चांगली राहते. बाहेर काढल्यावर गुंडाळलेलाच ठेवून वितळू द्या, म्हणजे हवेतलं पाणी ब्रेडवर न धरता प्लास्टिकवर धरतं.

‘बेस्ट बाय’ ही तारीख चवीची हमी आहे, त्यावर डोळे झाकून विसंबू नका. एकदा मी एका दुकानातून तारखेला चार दिवस बाकी असलेला लोफ आणला. वरून सोनेरी, सुरेख. ताटात उलटा केला तर तळाशी कागद चिकटलेल्या जागी रुपयाएवढा हिरवट डाग. दुकानाने पैसे लगेच परत दिले, पण संध्याकाळी पाहुणे यायचे होते आणि मला शेवटी शिरा करावा लागला. तेव्हापासून दुकानातच खोकं उलटं करून पारदर्शक तळ बघते. बुरशी दिसली तर तेवढा तुकडा कापून बाकीचा खाऊ नका. इतक्या मऊ पदार्थात ती आतवर गेलेली असते.

१३. तयार लोफ घ्यावा की खोक्यातलं कोरडं मिश्रण?

एकट्या विद्यार्थ्याने तयार लोफ घ्यावा, तोही अर्धा फ्रीझ करून. घरात चार माणसं असतील तर मिश्रण. त्यात अंडी, तेल, पाणी आपण घालतो, त्यामुळे अंडं टाळता येतं: एका अंड्याऐवजी पाव कप घट्ट दही, किंवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. मला दह्याचा जास्त आवडतो, त्याची किंचित आंबट चव मसाल्याला उठाव देते. मिश्रणात अर्धा चमचा वेलची पूड घाला आणि घरच्यांचे चेहरे बघा. भारतात न्यायचं असेल तेव्हाही मिश्रणच न्या. ओला लोफ प्रवासात चेपतो आणि पोचेपर्यंत शिळा होतो.

१४. गहू किंवा सुका मेवा चालत नसेल तर?

‘ग्लुटेन-फ्री’ (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन) असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. अमेरिकेत तसं लिहायचं तर दहा लाख भागांत वीस भागांहून कमी ग्लुटेन असावं लागतं. काही दुकानांत असं मिश्रणही येतं. मेव्याच्या बाबतीत सावध राहा: बऱ्याच लोफमध्ये अक्रोड असतो, आणि ‘मे कंटेन’ ही सूचना लिहिणं कंपनीच्या मर्जीवर असतं. ती नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. मुलाच्या शाळेच्या डब्यात द्यायचा असेल तर आधी शाळेचा मेव्याबद्दलचा नियम विचारा.

१५. पुण्यात, नागपुरात बसून घरी करता येईल का? आणि हॅलोविनचा भोपळा वापरला तर?

येईल, आणि आपला भोपळा त्याला चांगलाच लागतो (का ते प्रश्न ४ मध्ये). फोडी मोदकपात्रात वाफवा, पाण्यात शिजवू नका. गर चाळणीवर कापडात तासभर निथळू द्या. पाणी राहिलं तर ब्रेड मधोमध बसतो.

एक कप गराला पावणेदोन कप मैदा, पाऊण ते एक कप किसलेला गूळ, अर्धा कप तेल, दोन अंडी किंवा त्याऐवजी अर्धा कप दही, एक चहाचा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ. मसाला: दोन चमचे दालचिनी पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ, दोन चिमटी लवंग पूड. ऑलस्पाइस मिळालं नाही तर सोडून द्या. गूळ गरात विरघळवून घ्या, मैदा शेवटी घाला आणि पीठ दिसेनासं होईपर्यंतच कालवा. नऊ बाय पाच इंचाच्या साच्यात १७५ अंश सेल्सिअसवर पन्नास मिनिटं ते तासभर. मधोमध सुरी घालून कोरडी निघाली की झाला. कापायची घाई करू नका, तासभर निवू द्या.

हॅलोविनचा कोरलेला भोपळा दारात, उघड्यावर राहिलेला असतो, तो खाऊ नये. न कोरलेला खाता येतो, पण तो पाणचट आणि रेषाळ. त्याच्या बिया मात्र धुऊन, मीठ-तिखट लावून भाजा.

दुकानातून डबा आणत असाल तर ‘पंपकिन प्युरे’ आणा. शेजारी अगदी तशाच डब्यात ‘पंपकिन पाय फिलिंग’ असतं, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो.

१६. आणला, पण कुणालाच आवडला नाही. अर्धा लोफ पडून आहे.

टाकू नका. बोटभर जाडीचे काप करा, ट्रेमध्ये एकमेकांना न चिकटवता मांडा आणि ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर, म्हणजे ३०० फॅरनहाइटवर, वीस मिनिटं एका बाजूने आणि पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या बाजूने ठेवा. मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. ओलावा निघून जातो, लवंगेचा उग्रपणा कमी होतो आणि खडखडीत टोस्ट तयार होतात. बरणीत आठवडाभर राहतात. हे चहात बुडवले तर तुटत नाहीत.